मॅनेजर नावाचा बिल्ला

मॅनेजर म्हणजे कोण?

ज्याला ओव्हरटाइम मिळत नाही तो. ज्यानं रविवार मागितला तर 'अरे, तू काय स्टाफ आहेस काय?' असं ऐकावं लागतं तो. सकाळी शटर उघडतो, झाडू मारतो, मालकाच्या देवाला उदबत्ती लावतो (घरी बावीस प्रतिज्ञा भिंतीवर, दुकानात उदबत्ती हातात), दिवसभर गिऱ्हाइकाच्या शिव्या खातो, रात्री गल्ला मोजून पुन्हा शटर ओढतो, आणि या सगळ्यात छातीवर एक बिल्ला लावून फिरतो तो. ही व्याख्या कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. पनवेलच्या एका दुकानात मी ती सहा वर्षं घोकतोय.

मी आपट्याचा. पाताळगंगेच्या काठचं आपटा, पनवेल तालुका. बाहेरची माणसं आमच्या गावाला एका सिनेमावरून ओळखतात. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'त शेवटी ती पोरगी धावत गाडी पकडते ना, ते आमचं स्टेशन. तिला गाडी मिळाली. आम्हाला मिळतेच असं नाही. पनवेल-रोहा लाइनीवर दिवसाला मोजक्या गाड्या, दुकान बंद व्हायला उशीर झाला की शेवटची चुकते, मग कुणाच्या तरी टेम्पोत बसून रसायनीच्या नाक्यापर्यंत आणि पुढं पायी. मॅनेजरला गाडी चुकल्याचे पैसे मिळत नाहीत.

दुकान कसलं ते सांगतो. ऑर्डरप्रमाणं कपडे करून देणारं. गणपती मंडळाचे टी-शर्ट, क्रिकेटच्या टीमचे जर्सी, शाळा-कंपन्यांचे युनिफॉर्म, लग्नातल्या भावकीचे एकसारखे कुर्ते, वाढदिवसाला 'भाई'चा फोटो. गठ्ठे तिरुपूरकडून येतात, छपाई आमच्याकडं. कोण फिल्मवर छापून गरम प्रेसखाली दाबतो, कोण अजून स्क्रीन वापरतो. स्क्रीन म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी. जिथं अक्षर तिथं भोक, बाकी सगळं बुजवलेलं, वरून रबराच्या पट्टीनं शाई ओढायची. म्हणजे आपल्या या अंकाच्या स्टेन्सिलचा आणि आमच्या स्क्रीनचा बाप एकच. भोकातून शाई पाडायची कला दोघांची. फरक एवढाच की अंकावर काय छापायचं ते आपण ठरवतो.

दुकानात मी लागलो तो काउंटरवर आणि मापाला. टेप गळ्यात. छाती, कमर, खांदा, बाही, गळा. काम मला येत होतं. मापात माझी चूक निघाली म्हणून एक कुर्ता परत आलेला नाही, हे आमचा कटिंग मास्तरसुद्धा सांगेल, आणि तो कुणाची स्तुती करणाऱ्यातला नाही. मग एका लग्नसराईत एका मोठ्या घरची माणसं आली. पंचवीसेक कुर्ते, मोदी जाकिटं. मी नवरदेवाच्या काकांच्या छातीला टेप लावतोय, तेवढ्यात त्यांनी विचारलं, 'कुठले तुम्ही?'

'आपट्याचा.'

'आपट्यात कुठं?'

मित्रांनो, हा दुसरा प्रश्न तुम्हाला माहीत आहे. पहिला प्रश्न भूगोलाचा असतो, दुसरा जातीचा. गावाचं नाव सांगून माणूस सुटत नाही, गावातली जागा सांगावी लागते. आळी की वाडी. देवळापुढं की ओढ्यापलीकडं. मी सांगितलं. सरळ सांगितलं. काका काही बोलले नाहीत. शिवी दिली नाही, हात झटकला नाही. आता तसं कोण करतं? ते शेठकडं वळून एवढंच म्हणाले, 'मास्तर नाहीत का मापाला?'

आठ दिवसांनी शेठनं मला बोलावून पेढा दिला. म्हणाला, 'आजपासून तू मॅनेजर. तू आता हिशेब बघ, ऑर्डरी बघ, पोरांवर लक्ष ठेव. मॅनेजरनं मापं घ्यायची नसतात.' पगार हजार रुपयांनी वाढला. ओव्हरटाइम बंद झाला, तो महिन्याला हजारापेक्षा जास्त भरत होता. आणि गळ्यातली टेप काढून मास्तरच्या गळ्यात गेली.

आता हे बघा कसं बसवलंय. गिऱ्हाइकाला विटाळ नको होता, तो टळला. शेठला ओव्हरटाइम द्यायचा नव्हता, तो टळला. आणि ज्याच्या जिवावर हे दोन्ही टळलं त्याला बढती मिळाली! पूर्वी दूर उभा राहा म्हणायचे, तर माणसाच्या अंगात आग तरी पेटायची. आता दूर उभा करतात आणि पेढा देतात. तोंडात पेढा असताना बोंब कशी मारणार?

माझी आजी सांगायची, 'आमच्या येळंला शिंपी आंगाला हात लावीत नसं. लांबनं बघायचा, पायापासनं डोईपातुर, नि म्हणायचा, दोन वार आण. चोळी कदी बगलंत दाटायची, कदी खांद्यावरनं गळायची. पन मापाची नाय झाली.' आजीच्या अंगाला शिंप्याची टेप लागत नव्हती. नातवाच्या हातातली टेप गिऱ्हाइकाच्या अंगाला चालत नाही. दोन पिढ्यांत टेपेचं टोक बदललं, एवढीच प्रगती. आता म्हणा, जात कुठं राहिलीय!

कापड आणि जात यांचं नातं आजचं नाही. मनूनं आमच्या पूर्वजांसाठी दहाव्या अध्यायात पोशाख ठरवून दिला: मेलेल्याचे कपडे. आणि गावगाड्यानं तो हुकूम हक्क म्हणून आमच्या पदरात बांधला. मढ्यावरचं कापड महाराचं. हक्क! बलुत्याच्या बोलीत गुलामीला हक्क म्हणायची रीत होती, नोकरीच्या बोलीत तिला पोस्ट म्हणतात. बाबासाहेबांनी 'जातिसंहारा'च्या त्या न झालेल्या भाषणात, १९३६ साली, इंदूरकडच्या बलाई जातीवर गावकऱ्यांनी लादलेले नियम दिलेत ते पुन्हा वाचा. जरीकाठी पागोटं घालायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. म्हणजे कपड्याची मापं गावानं घ्यायची आणि अंग आम्ही कापून बसवायचं.

आणि ज्या गिरण्यांत हे कापड विणलं जायचं तिथं काय होतं? कोकणातून, या आपल्या जुन्या कुलाबा जिल्ह्यातून, रत्नागिरीतून आपली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. सूत कातायच्या खात्यात त्यांना घेतलं. विणाई खात्यात, जिथं पगार जास्त, तिथं घेत नव्हते. का? तर धोटा भरताना धाग्याचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडात. अस्पृश्याच्या थुंकीनं धागा बाटेल! कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्या संपवाल्यांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी हे गाठोडं भर सभेत सोडलं. म्हणाल तर प्रश्न थुंकीचा, खरं तर प्रश्न जास्त पगाराच्या जागेचा. विटाळ नेहमी पैशाच्या बाजूलाच कसा जाऊन बसतो, यावर कुणीतरी अभ्यास करायला पाहिजे. माझ्या टेपेचंही तेच झालं. टेप गेली आणि ओव्हरटाइमही गेला, दोन्ही एकाच दिवशी.

गिरण्यांचं पुढं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरणगाव उठलं ते उठलंच. त्याच १९८२ मध्ये आमच्या पाताळगंगेवर रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना चालू झाला. मुंबईत सुती कापडाची चाकं थांबली आणि आमच्या नदीच्या पाण्यावर पॉलिएस्टर फिरायला लागलं. माझ्या बापाचा चुलता लोअर परळहून गाशा गुंडाळून आपट्याला परत आला तो मरेपर्यंत त्या कारखान्याच्या धुराड्याकडं बघत बसायचा. आज मी जो टी-शर्ट प्रेसखाली घालतो तो बहुतेक पॉलिएस्टरच. सब्लिमेशनची शाई सुती कापडावर टिकत नाही, पॉलिएस्टरच्याच पोटात शिरते. तापमान दोनशेच्या आसपास नेलं की शाईची वाफ होते आणि धाग्यात बसते, मग धुऊन जात नाही. स्वस्त, चकचकीत, उन्हात अंगाला चिकटणारं. बाबासाहेबांचा फोटो त्यावर झकास उठतो.

आता या फोटोकडं येतो.

आमच्या दुकानात सगळ्यांची छपाई होते. शिवजयंतीला भगवे, जयंतीला निळे, अमुक समाज क्रिकेट लीग, तमुक समाज वधू-वर मेळावा, 'आम्ही अमक्याची पोरं', 'नाद करायचा नाय'. एकाच प्रेसवर एकापाठोपाठ एक जाती तापवून काढतो मी. प्रेसला काही फरक पडत नाही. शेठलाही पडत नाही, तो म्हणतो, 'आपल्याला काय, सगळे देव सारखेच.' बाबासाहेबांना देवात धरून मोकळा होतो. फेब्रुवारी संपला की मंडळांची माणसं यायला लागतात. पुढं जय भीम, मागं मंडळाचं नाव, बाहीवर अशोकचक्र, दोनशे नग, तीनशे नग. मार्चच्या मध्यापासून दुकान रात्री अकराच्या आत बंद होत नाही. आमच्या शेठला एप्रिलचा पहिला पंधरवडा दिवाळीपेक्षा मोठा.

टी-शर्टाची टिंगल करायला मी हे लिहीत नाही. ज्यांना निळा टी-शर्ट म्हणजे पोरांची फॅशन वाटते त्यांनी शिर्डी आठवावी. २०१५ साली तिथं मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून आपल्या पोराला ठार मारलं. नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत २०२३ साली गावात जयंती साजरी केली म्हणून आपल्या एका तरुणाचा खून झाला. ज्या देशात रिंगटोनवर माणूस मारतात तिथं छातीवर फोटो छापून गावातून फिरणं हे धाडसच. महाडला, डिसेंबर १९२७ मध्ये, इथून फार लांब नाही ते, बाबासाहेबांनी बायांना सांगितलं की जातीची खूण सांगणारं गुडघ्यावरचं लुगडं आणि ते गळाभर, हातभर दागिने सोडा. कपड्यानं जात ओळखू येते म्हणून कपडा बदला. आपल्या पोरांनी उलटं केलं. ओळखा, म्हणाले, लांबून ओळखा! दोन्ही बंडच. मला त्यात विरोध दिसत नाही.

पण मला एक सांगा. चौदा एप्रिलला तो टी-शर्ट घालून तुम्ही मिरवणुकीत नाचत असता तेव्हा तो छापणारा कुठं असतो?

दुकानात असतो. शटर अर्धं वर. कारण ऐन वेळेला कुणाचे पाच नग कमी पडतात, कुणाच्या नेत्याला डबल एक्सएल होत नाही, कुणाला मागं छापलेल्या नावात काना राहिल्याचं तेव्हाच दिसतं. सहा वर्षांत एकदाही मी चौदा एप्रिलला आपट्याच्या मिरवणुकीत नव्हतो. गेल्या वर्षी सुट्टी मागितली. शेठ हसला. म्हणाला, 'अरे, सण तुमचा, गिऱ्हाईक तुमचं, तूच नसलास तर त्यांच्याशी बोलणार कोण?' बघा हं. लग्नाच्या गिऱ्हाइकाला मी चालत नाही म्हणून मला आत बसवला. जयंतीच्या गिऱ्हाइकाला मी चालतो म्हणून मला बाहेर उभा केला. माझी जात शेठला बरोबर कळते. कधी झाकायची आणि कधी काउंटरवर मांडायची, त्याचा हिशेब कुठल्याही मॅनेजरपेक्षा त्याला पक्का येतो.

आणि तुम्ही? तुम्ही काय केलं? जयंती उत्सव समितीनं माझा सत्कार केला. शाल, नारळ. सूत्रसंचालक माइकवरून ओरडला, 'आपल्या वाडीतला पहिला मॅनेजर!' सत्कार झाला तो एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला, कारण चौदाला सत्कारमूर्ती दुकानात होता. एकानंही विचारलं नाही की बाबा, तू चौदाला का नव्हतास? पगार किती? तास किती? पोरांना काय देतात? नाही. हुद्दा ऐकला आणि टाळ्या वाजवल्या. हुद्द्याची ही भूक आपल्याला ब्राह्मणी व्यवस्थेनंच लावलीय. ज्यांना हजारो वर्षं नावाच्या मागं शिवी लावली त्यांना नावाच्या पुढं काहीही लावलं तरी गोड लागतं. मालक हे ओळखून आहेत. रोकड द्यायची नसली की ते शब्द देतात. वॉचमनला सिक्युरिटी ऑफिसर, झाडूवाल्याला हाउसकीपिंग एक्झिक्युटिव्ह, डिलिव्हरीच्या पोराला पार्टनर आणि मला मॅनेजर.

कायदा काय म्हणतो ते जरा नीट ऐका, कारण इथं खरी मेख आहे. महाराष्ट्राचा दुकानं आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा. त्यात कामाचे तास बांधलेत, आठवड्याला एक सुट्टी आहे, जादा तासाला दुप्पट दर आहे. आणि सणाच्या आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालकानं आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. मिळून! म्हणजे चौदा एप्रिल मागायला कायद्यानं दार उघडं ठेवलंय. मग मिळत का नाही? दोन खिळे ठोकलेत म्हणून.

पहिला खिळा संख्येचा. दहापेक्षा कमी कामगार असले की त्या दुकानानं फक्त सरकारला कळवायचं, बाकी बंधनं नाहीत, असं २०१७ च्या कायद्यात होतं. १९४८ चा जुना कायदा असा दहाचा उंबरठा घालत नव्हता. नव्यानं घातला. २०२५ मध्ये राज्य सरकारनं तो वीसवर न्यायचं आणि दिवसाचे नऊ तास दहा करायचं ठरवलं. धंदा सुलभ व्हावा म्हणून. कुणाचा धंदा, ते विचारायचं नाही. आमच्या शेठची दोन दुकानं आणि मागं शिलाईचा एक गाळा. माणसं सगळी मिळून चौदा. पण एक दुकान त्याच्या नावावर, दुसरं बायकोच्या, गाळा मेव्हण्याच्या. मी तिन्हीकडं काम करतो. कागदावर तिन्हीकडं दहापेक्षा कमी.

दुसरा खिळा बिल्ल्याचा. त्याच कायद्यात लिहिलंय की व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा गोपनीय स्वरूपाच्या जागेवरच्या माणसाला या तरतुदी लागू नाहीत. औद्योगिक विवादाच्या १९४७ च्या कायद्यातही मॅनेजर कामगारात येत नव्हता, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी जी संहिता लागू झाली तिच्यातही येत नाही. म्हणजे बिल्ला लावला की तू कामगार नव्हेस. युनियन तुझी नाही, ओव्हरटाइम तुझा नाही, चौदा एप्रिल तुझा नाही. एका प्लास्टिकच्या पट्टीत एवढी ताकद! गंड्या-दोऱ्यातसुद्धा नसते.

पण कोर्टांनी एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितलीय, आणि ती आपल्या प्रत्येक बिल्लेवाल्यानं पाठ करावी. हुद्द्याचं नाव बघायचं नसतं, माणूस मुख्यतः काम काय करतो ते बघायचं असतं. मी माणूस ठेवू शकतो का? नाही. काढू शकतो का? नाही. कुणाची रजा मंजूर करतो का? माझी मलाच होत नाही. चेकवर सही? शेठच्या तिजोरीची किल्लीही मी बघितलेली नाही. मी झाडू मारतो, गठ्ठे उचलतो, प्रेस चालवतो, धागे कापतो, बिलं लिहितो, पार्सल रिक्षात टाकून खारपाड्यापर्यंत पोचवतो. हा कसला व्यवस्थापक? म्हणून सांगतो, लिहून ठेवा. शेठ रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर 'उद्या सातला ये, गठ्ठा उतरवायचाय' म्हणतो तो मेसेज पुसू नका. कधी आलात, कधी गेलात, वहीत टाका. आणि वेतन संहितेत, २०१९ ची ती, 'कर्मचारी' या शब्दात व्यवस्थापकीय काम करणाराही धरलाय. किमान वेतन मॅनेजर म्हणूनही कुणी बुडवू शकत नाही. एवढं तरी माहीत असू द्या.

हे तास, ही सुट्टी आभाळातून पडली नाहीत. बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून छापतो, टी-शर्टावर हातात पुस्तक. मजूरमंत्री बाबासाहेब एकाही मंडळानं आजवर माझ्याकडं छापायला आणले नाहीत. १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. १९४६ च्या दुरुस्तीनं कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. त्याच्या आधी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपाचा हक्क कापणाऱ्या बिलाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष मुंबईच्या रस्त्यावर उतरला होता, कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून. त्याच वर्षी मनमाडला रेल्वे कामगारांपुढं ते बोलले, आपले शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपल्या पोरांना पहिला शत्रू तोंडपाठ. दुसरा कुठं गेला? दुसरा आपल्या स्टेजवर प्रायोजक म्हणून बसलाय. बॅनरवर त्याचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोएवढा.

यावर आपल्यातले काही शहाणे म्हणतात, रडू नका, मालक व्हा. नोकऱ्या मागणारे नको, देणारे व्हा. २००५ पासून दलित उद्योजकांची चेंबरही आहे. व्हा ना, कोण नको म्हणतं? दुकान काढायला माझ्याकडं भांडवल असतं तर मीही काढलं असतं. पण मी जे बघितलं ते सांगतो. आपल्यातल्याच एकानं, नाव घेत नाही, छपाईचं दुकान टाकलं. काउंटरवर बुद्धमूर्ती, भिंतीवर संविधानाची उद्देशिका, फ्रेम करून. आत प्रेसवर सतरा-अठरा वर्षांचा कातकरी पोरगा. सकाळी नऊ ते रात्री दहा. पगार विचारला तर मालक म्हणाला, 'घरच्यासारखा आहे तो.' उद्देशिकेतल्या न्यायाच्या ओळीखाली तो पोरगा डबा खातो. आता याला मी काय म्हणू? जय भीम म्हणू? मालक बदलला, शोषणाला निळा रंग दिला, एवढंच झालं. एक जण मालक झाला की त्याच्या प्रेसवर पाच जण उभे राहतात, हा साधा हिशेब आहे. त्या पाचांचं काय करायचं ते चेंबरवाले सांगत नाहीत.

आणि माझ्या दुकानातले बाकीचे? ते कोण आहेत? कटिंग मास्तर उत्तर प्रदेशचा मुसलमान, वीस वर्षं पनवेलात. प्रेसवरचा पोरगा आगरी, ज्याच्या आजोबाची जमीन सिडकोत गेली. शिलाईला एक बाई आमच्याच वाडीतली, एक पेणकडची. हेल्पर पोरगा कातकरी. शेठ मला सांगतो, यांच्यावर लक्ष ठेव. आणि त्यांना सांगतो, मॅनेजरला विचारा. म्हणजे पगार उशिरा झाला तर शिव्या मला. मला त्यांच्यावर पहारेकरी नेमलाय, तोही फुकट. महाराला गावाची वेस राखायला लावायचे आणि चोरी झाली की पहिला चाबूक त्याच्याच पाठीवर, ते वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. दुकानात ते मागच्या दारानं परत आलंय.

तेव्हा आता काय करायचं ते बोलतो. नुसती आग ओकून उपयोग नाही.

मंडळांनो, शेठच्या गळ्याला हात घालायची ताकद वर्षातले दोन महिने तुमच्या हातात असते. फेब्रुवारी आणि मार्च. तुमच्या तीनशे नगांच्या ऑर्डरसाठी तो तुम्हाला थंडा पाजतो, खुर्ची देतो, 'जय भीम साहेब' म्हणतो. त्या वेळी दर पाच रुपयांनी पाडून घेता आणि खूश होता. ते पाच रुपये शेठ स्वतःच्या खिशातून देत नाही, रात्री अकरापर्यंत प्रेसवर उभ्या असलेल्या पोराच्या पगारातून देतो. पुढच्या वेळी दर पाडू नका. अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी दोन गोष्टी कागदावर मागा. चौदा एप्रिलला दुकानातल्या सगळ्या कामगारांना भरपगारी सुट्टी. आणि मार्चपासूनच्या जादा तासांना दुप्पट दर, बिल्ला असो नसो. देत नसेल तर बाजूच्या दुकानात जा, तिथंही हेच विचारा. पनवेल, रसायनी, पेण, तीन ठिकाणच्या मंडळांनी जरी एका वर्षी हे केलं तरी शेठ लोकांना भाषा कळेल. त्यांना पुस्तकातली समता कळत नाही, रद्द झालेली ऑर्डर कळते. आणि दुकान आपल्याच माणसाचं असेल तर जास्त जोरात विचारा.

नग तेराच्या संध्याकाळपर्यंत घेऊन जा. कमी पडले तर कमी पडले. नेत्याला डबल एक्सएल होत नसेल तर त्यानं शर्ट घालून यावं.

दुकानात आम्ही सहा जणांनी कागद लिहिलाय. चार सुट्ट्या मागितल्यात. लिहायला बसलो तेव्हा मास्तरनं ईद सांगितली, आगरी पोरानं शिमगा, मी चौदा एप्रिल. चौथ्या दिवसावर वाजलं. शिलाईवाल्या दोघी दिवाळीतला एक दिवस म्हणत होत्या, मी सहा डिसेंबर म्हणत होतो, कातकरी पोरगा गप्प होता. मास्तरनं त्याला विचारलं, 'तेरा कौनसा?' तो म्हणाला, 'मला रविवारच मिळत नाय.' मग कागदावर सगळ्यात वर आठवड्याची सुट्टी लिहिली आणि चौथा दिवस मोकळा ठेवला, शेठशी बोलताना ठरवू म्हणून. खाली सहा सह्या, त्यातला एक अंगठा. माझ्या सहीखाली हुद्दा लिहिलेला नाही.

कागद एक मार्चला शेठच्या टेबलावर जातोय. ज्या मंडळांना आमच्याकडं ऑर्डर टाकायचीय त्यांनी त्याच दिवशी यावं, सकाळी अकराला, आणि चार-पाच जण तरी यावं. मी काउंटरवरच असेन.